कीबोर्डवरून मजकूर निवडण्याची पार्श्वभूमी

शिफ्ट धरून बाणाची कळ दाबली की मजकुरावर रंगाचा पट्टा चढतो, हे आज इतके अंगवळणी पडले आहे की मजकूर निवडणे आणि तो उजळून दाखवणे ही दोन निराळी कामे आहेत, याचा सहसा विसर पडतो. विम किंवा ईमॅक्ससारखा, माउसला हात न लावता चालवायचा एडिटर (मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा प्रोग्रॅम) प्रथमच उघडणारा माणूस नेमका इथे अडखळतो. या घराण्यातील एडिटरांमध्ये निवडीची सोय आधी आली आणि ती निवड डोळ्यांना दिसण्याची सोय बऱ्याच वर्षांनी.

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये युनिक्स या संगणक प्रणालीसाठी लिहिलेला ‘एड’ हा एडिटर टेलिटाइपवर, म्हणजे पडद्याऐवजी कागदावर छापणाऱ्या टंकयंत्रावर, चालत असे. त्या काळी सर्रास वापरले जाणारे मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरे कागदावर छापत असे, आणि कागदावर एकदा उमटलेले अक्षर उजळणार कसे? त्यामुळे निवड म्हणजे निव्वळ पत्ता असे. ‘१०,१५डी’ असे टंकले की दहाव्यापासून पंधराव्यापर्यंतच्या ओळी नाहीशा होत. आपण नेमक्या कोणत्या ओळी खोडतो आहोत याची खातरजमा करायची असेल, तर आधी ‘१०,१५पी’ ही आज्ञा देऊन त्या छापून पाहाव्या लागत.

पडदा आल्यावरही हा संकोच लगेच सुटला नाही. बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘व्हीआय’ घडवला, तेव्हा त्यांच्यासमोर एडीएम-३ए हे टर्मिनल, म्हणजे संगणकाला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड, होते (त्याच्या एच, जे, के, एल या कळांवर बाण छापलेले होते, म्हणून आजही विममध्ये कर्सर त्याच कळांनी फिरतो) आणि फोनच्या तारेवरून जोडणाऱ्या ३०० बॉड वेगाच्या मोडेमवरही एडिटर वापरता यावा, असा त्यांचा प्रयत्न होता. त्या वेगाने सेकंदाला जेमतेम ३० अक्षरे येतात. ८० अक्षरांच्या २४ ओळी, म्हणजे १,९२० अक्षरांचा पूर्ण पडदा भरायला मिनिटाहून अधिक वेळ लागणार. अशा जोडणीवर कर्सर सरकेल तसतसा पट्टा रंगवत बसणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून व्हीआयने निवडीची पायरीच गाळली: ‘डी’ म्हणजे खोड, ‘डब्ल्यू’ म्हणजे पुढच्या शब्दापर्यंत, आणि दोन्ही कळा लागोपाठ दाबल्या की काम झाले. लांबच्या मजकुरासाठी ‘एम’ आणि एखादे अक्षर दाबून खूण ठेवायची, दुसऱ्या टोकाशी जायचे आणि त्या खुणेपर्यंतचे खोडायचे. मधला मजकूर लक्षात ठेवणे ही लिहिणाऱ्याची जबाबदारी.

एमआयटीमध्ये १९७६ मध्ये जन्मलेल्या ईमॅक्सची वाट निराळी, पण अंधार तोच. तिथे कंट्रोल आणि स्पेस दाबून खूण करायची. खूण आणि कर्सर यांच्यामधला भाग म्हणजे निवड. खूण पडद्यावर दिसत नसे, म्हणून कंट्रोल-एक्स दोनदा दाबून कर्सर आणि खूण यांची अदलाबदल करायची आणि ती कुठे आहे हे ताडायचे. निवडलेला भाग उजळण्याची सोय पुढे आली, तरी ती मुळातच चालू ठेवण्याचा निर्णय व्हायला २००९ मधली २३.१ ही आवृत्ती यावी लागली. इतका उशीर तांत्रिक कारणाने झाला असे म्हणवत नाही. जुन्या वापरकर्त्यांना खूण ही निवडीइतकीच परतीच्या वाटेची निशाणी म्हणूनही हवी होती.

आपल्याकडच्या एका पिढीची ओळख मात्र वर्डस्टारच्या रीतीशी झाली. १९७८ च्या या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-के आणि बी दाबून ब्लॉकची सुरुवात आणि कंट्रोल-के आणि के दाबून शेवट ठरवायचा. एकदा ब्लॉक ठरला की कर्सर कुठेही न्यावा, ब्लॉक जागचा हलत नसे. हव्या त्या ठिकाणी जाऊन कंट्रोल-के आणि सी दाबले की तिथे त्याची प्रत उतरे, व्ही दाबले तर तो मजकूरच उचलून तिथे येई. बोरलँड कंपनीच्या टर्बो पास्कल आणि टर्बो सी या प्रोग्रॅमिंगच्या साधनांनी हीच कळांची जोडी उचलली, आणि महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत टर्बो सी चांगले २००० नंतरही नांदत असल्यामुळे ती अनेकांच्या बोटांत अजून आहे. शिफ्ट आणि बाण ही जोडी सार्वत्रिक होण्यात सगळे प्रोग्रॅम सारख्याच रीतीने चालावेत म्हणून आयबीएमने १९८७ मध्ये आखलेल्या समान नियमावलीचा मोठा वाटा आहे.

ब्रॅम मूलेनार यांचा, व्हीआयच्याच धर्तीवरचा विम १९९१ मध्ये लोकांपर्यंत पोहोचला. मूळ व्हीआयमध्ये नसलेली, निवड उजळून दाखवणारी ‘व्हिज्युअल’ अवस्था हे त्याचे सर्वांत उपयुक्त देणे म्हणावे लागेल. लहान व्हीने अक्षरे, मोठ्या व्हीने ओळी आणि कंट्रोल-व्हीने उभा चौकोन निवडला जातो. ‘ओ’ दाबले की कर्सर निवडीच्या दुसऱ्या टोकाला जातो, आणि सुटलेली निवड ‘जीव्ही’ने पुन्हा धरता येते. आकड्यांच्या तक्त्यातला एकच स्तंभ खोडून पाहिला की चौकोनी निवडीची किंमत कळते.

या अवस्थेत क्रमही उलटतो, आधी निवड आणि मग आज्ञा, आणि मराठी माणसाला तो अधिक जवळचा वाटावा. ‘डीडब्ल्यू’ ही इंग्रजी वाक्याची ठेवण आहे: क्रियापद आधी, कर्म नंतर. आपण ‘शब्द खोड’ म्हणतो. २०११ च्या सुमारास मॅक्सिम कोस्ट यांनी सुरू केलेल्या काकून या एडिटरने आणि त्याच्यावरून स्फूर्ती घेतलेल्या हेलिक्सने हाच क्रम सर्वत्र लागू केला. तिथे ‘डब्ल्यू’ दाबताच शब्द उजळतो आणि ‘डी’ त्यानंतर येतो. चुकीचा शब्द उजळला असेल, तर तो खोडण्याआधीच दिसतो.