बोअरचं पाणी उकळलं म्हणजे झालं?

बडोद्यात दांडिया बाजार सोडून वाघोडिया-पादऱ्याकडे शेतघर बांधलेल्या आपल्या मंडळींकडून हे हमखास ऐकू येतं: "आम्ही पाणी उकळूनच पितो, मग तपासायचं कशाला?"

उकळल्याने जंतू मरतात, हे खरंच. पण खतांतून, शोषखड्ड्यांतून झिरपलेलं नायट्रेट आणि खडकातलं फ्लोराइड पाण्यात विरघळलेलं असतं. ते वाफेबरोबर जात नाही. उलट दाटतं. लिटरमागे 40 मिलिग्रॅम नायट्रेट असलेलं पाणी लिटराचं पाऊण लिटर होईतो आटलं, की प्रमाण 53 वर जातं. भारतीय मानकाची मर्यादा आहे 45. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची दूधपावडर या पाण्यात कालवली, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटू शकते, बाळ निळसर पडतं. मला सगळ्यात काळजी वाटते ती याचीच, कारण नायट्रेटला ना रंग, ना वास. टीडीएस मीटरही एकूण क्षारांचा अंदाज देतो, कुठले ते सांगत नाही.

पंप पाचेक मिनिटं चालू द्या, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा आणि प्रयोगशाळेत नायट्रेट, फ्लोराइड नाव घेऊन तपासायला सांगा. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्या, ती विसळायची नाही. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा.