सणाच्या गर्दीत आपल्या शरीरात नेमकं काय होतं?

स्पेनच्या उत्तरेला सोरिया प्रांतात सान पेद्रो मानरिके नावाचं एक छोटं गाव आहे, जेमतेम सहाशे वस्तीचं. दरवर्षी २३ जूनच्या रात्री, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या रात्री, तिथे ओकच्या लाकडांची मोठी होळी पेटवतात, तिचे निखारे झाले की ते पसरवून काही मीटर लांबीचा पट्टा करतात आणि गावातली माणसं त्यावरून अनवाणी चालत जातात, तेही बहुतेक वेळा पाठीवर दुसऱ्या कुणाला तरी घेऊन. बघायला गावाच्या वस्तीच्या कितीतरी पट लोक येतात. निखाऱ्यांचं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या वर जातं.

पहिला प्रश्न सगळ्यांच्या मनात येतो तो पायांचाच, तर तो आधी संपवूया. कोळसा आणि त्यावरची राख उष्णतेची फार वाईट वाहक आहे. निखारा कितीही तापलेला असला तरी त्याच्यातली उष्णता तळव्यात शिरायला वेळ लागतो, आणि आपला पाय म्हणजे बऱ्यापैकी पाणी असलेला, रक्त खेळतं राहिलेला भाग, त्यामुळे तो पटकन तापत नाही. प्रत्येक पाऊल निखाऱ्यावर अगदी थोडा वेळ टेकतं, सगळं चालणं काही सेकंदांत उरकतं. याच तापमानाची लोखंडी पट्टी असती तर पहिल्याच पावलाला कातडी सोलून निघाली असती. म्हणजे पाय भाजत नाहीत ते सरळ फिजिक्समुळे, पण मला तरी या सणातली खरी गोष्ट पायांची वाटत नाही, ती छातीतली आहे.

दिमित्रिस झिगालातास हे ग्रीक मानववंशशास्त्रज्ञ, इवाना कोनवालिंका आणि त्यांच्या टीमने या गावात जाऊन निखाऱ्यांवर चालणाऱ्यांच्या छातीला हार्ट रेट मोजणारे पट्टे बांधले. नुसत्या चालणाऱ्यांच्याच नाही, बघणाऱ्यांच्यासुद्धा, आणि बघणाऱ्यांमध्ये दोन गट केले. एक गट चालणाऱ्यांच्या नातेवाईकांचा आणि मित्रांचा, दुसरा बाहेरगावाहून नुसतं बघायला आलेल्यांचा. हा अभ्यास २०११ मध्ये छापून आला आणि त्यात जे दिसलं ते वाचून मी अक्षरशः थांबलो होतो. चालणाऱ्याच्या ठोक्यांचा आलेख जसा वर चढतो आणि उतरतो, तसाच आलेख बाकावर नुसत्या बसलेल्या त्याच्या घरच्या माणसांचा होता. ती माणसं हलत नव्हती, पळत नव्हती, आगीपासून लांब होती, तरी त्यांचं हृदय त्या चालणाऱ्याबरोबर चालत होतं. आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांचं? तोच देखावा, तीच आग, तोच आवाज, पण त्यांच्या ठोक्यांत हा मेळ दिसला नाही.

म्हणजे डोळ्यांना काय दिसतं त्यावर सगळं ठरत नाही, समोरचा माणूस आपला कोण लागतो यावर ठरतं. आणि चालणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी आपण त्या वेळी शांत होतो असं सांगितलं, पट्टे मात्र सांगत होते की हृदय जोरात धावत होतं. अशा अभ्यासांत नुसते प्रश्न विचारून का भागत नाही ते यावरून कळतं.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाईम यांनी १९१२ मध्येच मांडलं होतं की माणसं धार्मिक कार्यासाठी एकत्र जमली की त्यांच्यात एक सामूहिक उसळी तयार होते, एकट्याने कधीच न येणारी, आणि समाज टिकून राहतो तो बराचसा या उसळीच्या जोरावर. शंभर वर्षं हे वाक्य लोक उद्धृत करत राहिले, पण मोजणार कसं? गेल्या पंधरा-वीस वर्षांत सेन्सर छोटे झाले, अंगावर बांधून नाचता-चालता यायला लागलं, आणि मग संशोधक लॅब सोडून थेट सणांमध्ये जाऊन उभे राहिले. मला विज्ञानातला हा बदल फार आवडतो, कारण लॅबमध्ये कुणाला निखाऱ्यावर चालवता येत नाही आणि चालवलं तरी तो सण होत नाही.

एकत्र नाचण्याचंच बघा. जगात असा सण शोधून सापडणं कठीण आहे ज्यात लोक एका तालात काहीतरी करत नाहीत, नाचतात, टाळ्या वाजवतात, गातात, पावलं टाकतात. ब्राझीलमध्ये ब्रॉनविन टार, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये २६४ शाळकरी मुलामुलींना गटागटाने नाचायला लावलं, काही गट एकाच तालात एकसारखे, काही आपापले वेगवेगळे, काही जोरदार अंग हलवून तर काही बसून नुसते हात हलवत. नाचाच्या आधी आणि नंतर दंडाला बीपी मोजायचा पट्टा बांधून तो फुगवत न्यायचा आणि दुखायला लागलं की सांगायचं, अशी वेदना सहन करण्याची टेस्ट. एका तालात नाचणाऱ्यांची वेदना सहन करायची ताकद वाढली, जोर लावून नाचणाऱ्यांचीही वाढली, आणि दोन्ही परिणाम वेगवेगळे दिसले, म्हणजे ताल हे नुसतं व्यायामाचं दुसरं नाव नाही. सोबतच्या मुलांबद्दलची जवळीकही वाढली. यामागे मेंदूतली एंडॉर्फिन नावाची, वेदना कमी करणारी द्रव्यं असावीत असं हे संशोधक मानतात. एंडॉर्फिन थेट मोजणं अवघड असतं म्हणून वेदनेच्या टेस्टचा हा आडमार्ग, त्यामुळे याला अंदाजच म्हणायला हवं, पण अंदाज भक्कम आहे.

आता प्रयागराजचा माघ मेळा. ऐन थंडीत महिनाभर गंगा-यमुनेच्या संगमावर तंबूत राहायचं, पहाटे गार पाण्यात स्नान, साधं जेवण, भोवती रात्रंदिवस लाउडस्पीकर आणि लाखोंची गर्दी, याला कल्पवास म्हणतात आणि तो करणारे बरेचसे वयस्कर असतात. डॉक्टरला विचारलं तर तो हे सगळं टाळायलाच सांगेल. भारतातल्या आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी मिळून ४१६ कल्पवासींना मेळ्याच्या आधी आणि मेळा संपून महिना झाल्यावर गाठलं, सोबत न गेलेल्या १२७ जणांनाही गाठलं. २०१२ मध्ये निकाल छापला. जाऊन आलेल्यांना आपली तब्येत आणि मन पूर्वीपेक्षा बरं वाटत होतं, न गेलेल्यांमध्ये असा फरक नव्हता. (हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे, रक्त तपासून काढलेलं नाही, हे लक्षात असू द्या.)

याच टीमचा आवाजावरचा प्रयोग तर अजून भारी आहे. त्यांनी कसला आवाज आहे ते ओळखू येणार नाही असा एक गोंगाट यात्रेकरूंना ऐकवला, काहींना सांगितलं हा मेळ्यातला आवाज आहे, काहींना सांगितलं हा शहरातल्या रहदारीचा आहे. आवाज तोच, पण मेळ्याचा म्हणून ऐकणाऱ्यांना तो कमी त्रासदायक वाटला आणि त्यांनी तो जास्त वेळ ऐकला. पुन्हा तेच, कानावर काय आदळतं यापेक्षा ते आपलं आहे की परकं यावर शरीर आणि मन ठरवतं.

मॉरिशसमध्ये झिगालातास यांनी तैपुसम या तमिळ सणाचा बराच अभ्यास केलाय. मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, नावाने लोक गालांतून, जिभेतून, पाठीतून सुया आणि आकडे टोचून घेतात, खांद्यावर जड कावडी घेऊन उन्हात तासन्‌तास चालतात. २०१३ च्या अभ्यासात भाग घेणाऱ्यांना प्रश्नावली भरल्याचे २०० मॉरिशस रुपये दिले आणि नंतर गुपचूप, कुणाला कळणार नाही अशा पद्धतीने, त्यातले मंदिराला द्यायची संधी दिली. नुसत्या सामूहिक प्रार्थनेनंतर लोकांनी सरासरी ८१ च्या आसपास रुपये दिले, कावडी वाहिलेल्यांनी १३३ च्या आसपास, आणि कावडीच्या सोबत चाललेल्या, स्वतः काहीही टोचून न घेतलेल्या लोकांनी तर १६१ च्या आसपास! वेदना एकाने सोसली आणि सोबतचा त्याच्याहूनही उदार झाला. हे वाचल्यावर मला सान पेद्रोच्या बाकांवर बसलेले ते नातेवाईकच डोळ्यासमोर आले.

पुढे २०१९ मध्ये त्यांनीच दाखवलं की या इतक्या कठोर विधीने शरीराच्या मोजमापांवर वाईट परिणाम दिसला नाही, उलट लोकांना बरं वाटत होतं, जास्त त्रास घेणाऱ्यांना जास्त बरं, आणि ज्यांना आजारपण आहे किंवा जे गरीब आहेत तेच जास्त त्रास पत्करत होते. या शेवटच्या मुद्द्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण ज्याला औषधोपचार परवडत नाही तो विधीकडे जातो हे त्यात दडलंय, आणि बरं वाटणं म्हणजे आजार बरा होणं नव्हे.

मॉरिशसमधलाच आणखी एक अभ्यास आपल्या लोकांचा आहे. १९व्या शतकात इंग्रजांच्या काळात उसाच्या मळ्यांवर कामाला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथे अजूनही आपली मंदिरं सांभाळून आहेत. ला गॉलेट या गावातल्या ७५ मराठी बायकांवर मार्टिन लांग आणि सहकाऱ्यांनी हा अभ्यास केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना नैसर्गिक संकटाच्या तयारीबद्दल भाषण तयार करायला सांगितलं, ते तपासलं जाणार असंही सांगितलं, म्हणजे टेन्शन येणार हे नक्की. मग काहीजणी मंदिरात जाऊन नेहमीची पूजा करून आल्या, बाकीच्या तेवढाच वेळ दुसरीकडे नुसत्या बसल्या. पूजा केलेल्यांची चिंता कमी झाली, त्यांनी तसं सांगितलंही आणि हृदयाच्या ठोक्यांनीही ते दाखवलं. शांत असताना दोन ठोक्यांमधलं अंतर थोडं थोडं बदलत असतं, ताणात ते एकसुरी होतं, आणि पूजेनंतर हा बदल जास्त होता. ठरलेल्या क्रमाने, पुन्हा पुन्हा केलेल्या हालचालींमुळे मनाला पुढे काय होणार ते माहीत असतं आणि त्याने धीर येतो, असं स्पष्टीकरण ते देतात.

इथपर्यंत सगळं छानच आहे. पण याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा विषय सोडणं मला बरोबर वाटत नाही.

२०१२ च्या हजच्या वेळी हानी अलनाबुलसी आणि जॉन ड्रुरी यांनी मक्केच्या मोठ्या मशिदीत ११९४ यात्रेकरूंना विचारलं की तुम्हाला इथे किती सुरक्षित वाटतंय. गर्दी वाढत गेली तसं, आजूबाजूच्यांशी फारसं आपलेपण न वाटणाऱ्यांना असुरक्षित वाटायला लागलं, हे अपेक्षितच. पण ज्यांना ही सगळी आपलीच माणसं असं वाटत होतं, त्यांना गर्दी वाढली तसं जास्त सुरक्षित वाटत गेलं. हे खरंही असतं काही प्रमाणात, कारण अशी माणसं एकमेकांना सावरतात, जागा करून देतात. अडचण ही की एका ठराविक दाटीच्या पुढे माणसाच्या हातात काहीच राहत नाही.

चौरस मीटरला सहा-सात माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वागायला लागते. प्रत्येकाचा धक्का शेजाऱ्याला, त्याचा त्याच्या शेजाऱ्याला, असं जोर पुढे सरकत जातो आणि कुणीही मुद्दाम ढकललेलं नसताना माणसं उचलून बाजूला फेकली जातात. १२ जानेवारी २००६ ला मक्केजवळच्या मीनामध्ये, हजचे यात्रेकरू जिथे खांबांना खडे मारतात त्या जमरातच्या पुलाशी, चेंगराचेंगरीत साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली, त्याचे व्हिडिओ डिर्क हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी तपासले तेव्हा दिसलं की आधी गर्दी सुरळीत वाहत होती, मग थांबत-चालत लाटा यायला लागल्या, आणि मग खळबळ, म्हणजे माणसं कुठल्याही दिशेला फेकली जाणं. असे मृत्यू बहुतेक पायदळी तुडवून होत नाहीत, छाती दाबली जाऊन श्वास घेता येत नाही म्हणून होतात, कित्येकदा उभ्या उभ्याच. नंतर तिथे अनेक मजल्यांचा नवा पूल झाला, येण्या-जाण्याचे रस्ते वेगळे केले गेले. तरी २०१५ मध्ये मीनामधल्याच दुसऱ्या एका रस्त्यावर पुन्हा घडलं, सरकारी आकडा ७६९, आणि देशोदेशीचे आकडे जोडले तर दोन हजारांच्या वर.

यावर अलीकडचं सगळ्यात महत्त्वाचं काम एका सणातूनच आलंय. स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरात ६ जुलैला सान फेर्मिनचा सण सुरू होतो, त्या दुपारी नगरपालिकेसमोरच्या चौकात, जो साधारण ५० मीटर लांब आणि २० मीटर रुंद आहे, पाच हजारांवर माणसं दाटीवाटीने उभी असतात. फ्रान्समधले भौतिकशास्त्रज्ञ डेनिस बार्तोलो यांच्या टीमने वरच्या बाल्कन्यांमधून काही वर्षं याचं शूटिंग केलं आणि २०२५ मध्ये छापलं की दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की शेकडो माणसांचे गठ्ठे आपोआप गोल गोल डोलायला लागतात, कुणी ठरवलेलं नसताना, आणि तिथे एक फेरा सुमारे १८ सेकंदांचा असतो. आत उभ्या असलेल्या माणसाला हे कळत नाही, इतकं ते सावकाश आणि इतकं मोठं असतं. जर्मनीत ड्युइसबुर्गला २०१० च्या लव्ह परेड या संगीत-नाचाच्या महोत्सवात २१ जण गेले, त्या वेळच्या व्हिडिओतही त्यांना असंच डोलणं सापडलं.

म्हणजे वरून कॅमेरा लावून हे डोलणं सुरू झालंय का एवढं बघत राहिलं, तर अपघाताच्या आधी आत येणाऱ्यांना थांबवायला आणि बाहेरच्या वाटा मोकळ्या करायला वेळ मिळू शकतो. आतल्या माणसांवर हे काम सोडता येणार नाही, त्यांना तर त्या वेळी सगळ्यात जास्त सुरक्षित वाटत असू शकतं. आणि तुम्ही स्वतः आत असाल आणि आपण पाऊल न टाकताही सरकतोय असं जाणवलं, तर दोन्ही हात छातीसमोर घ्या म्हणजे श्वासाला जागा राहील, पडलेली वस्तू उचलायला वाकू नका, धक्क्याच्या विरुद्ध जोर लावू नका, आणि दोन धक्क्यांच्या मधे जरा सैल होतं तेव्हा तिरकं तिरकं कडेला सरकत बाहेर निघा.