प्रोपेनवरील गृहतापन : हिमवादळातील वापर व सुरक्षितता

घराबाहेरच्या टाकीत द्रवरूपात साठवलेला प्रोपेन वायू जाळून घर उबदार ठेवण्याची पद्धत. नळाने नैसर्गिक वायू पोहोचत नाही अशा थंड प्रदेशांतील विरळ वस्तीत ती प्रामुख्याने आढळते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुमारे ५ टक्के घरांचे मुख्य तापन-इंधन प्रोपेन आहे. मध्यपश्चिम आणि ईशान्य भागांतील ग्रामीण पट्ट्यात हे प्रमाण बरेच जास्त आहे. हिमवादळात या पद्धतीची जमेची बाजू अशी, की इंधन आधीच दारात येऊन पडलेले असते. तारा तुटल्या, रस्ते बुजले, तरी टाकीतला साठा कुठे जात नाही. पण टाकी भरलेली आहे म्हणून घर उबदार राहीलच असे नाही आणि उबदार राहिलेले घर सुरक्षित असेलच असेही नाही. वादळात अडचण येते ती बहुधा टाकी आणि खोली यांच्या मधल्या साधनांत : रेग्युलेटर, पंखा, धुराडे.

इंधनाचे गुणधर्म

प्रोपेनच्या रेणूत कार्बनचे तीन आणि हायड्रोजनचे आठ अणू असतात. नेहमीच्या वातावरणदाबाला तो −४२ °से.ला उकळतो. थंड देशांत घरगुती वायू म्हणून ब्यूटेन मागे पडून प्रोपेन रुजला, त्याचे कारण या एका आकड्यात आहे. साधा ब्यूटेन ०°च्या जरासा खाली येताच टाकीत द्रवच राहतो, बर्नरपर्यंत येतच नाही. उष्ण प्रदेशांत दोन्हींचे मिश्रण विनातक्रार चालते. −२०°च्या रात्री ते चालत नाही.

१ किग्रॅ. प्रोपेनपासून सुमारे १४ युनिट विजेइतकी उष्णता मिळते. द्रवाचा वायू होताना त्याचे आकारमान सुमारे २७० पट वाढते, त्यामुळे थोड्या जागेत बराच साठा मावतो. मात्र द्रवाची लहानशी गळतीही बघता बघता मोठी होते, तीही याच कारणाने. प्रोपेन वायू हवेच्या दीडपट जड असल्याने गळाला की तळघरात, जमिनीलगतच्या पोकळीत, खड्ड्यात साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ ते ९.५ टक्के असेल तेव्हा तो पेट घेतो.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलिन बर्थेलो यांनी १८५७ मध्ये प्रोपेनचा शोध लावला. घरगुती इंधन म्हणून त्याचा विचार १९१० नंतर सुरू झाला. वॉल्टर स्नेलिंग या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने साठवणीतल्या पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वायूंचा अभ्यास करताना त्यातला प्रोपेन ओळखला. शुद्ध प्रोपेनला वास नसतो. जो उग्र, कुजकट वास ओळखीचा असतो तो मुद्दाम मिसळलेल्या एथिल मरकॅप्टनचा. वायूला वास देण्याची सक्ती रूढ होण्यामागे १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत झालेला स्फोट आहे. तो वायू नैसर्गिक होता, प्रोपेन नव्हे. पण गळती कुणालाही जाणवली नाही आणि सुमारे ३०० जण, बहुतांश मुले, मृत्युमुखी पडली.

टाकीपासून बर्नरपर्यंत

टाकी कधीही काठोकाठ भरत नाहीत. उष्णतेने द्रव फुगतो म्हणून ८० टक्क्यांवर भरणे थांबवतात. सुमारे १,९०० लिटरच्या टाकीत, जी अमेरिकेतल्या घरांपुढे सर्रास दिसते, प्रत्यक्षात १,५०० लिटरच प्रोपेन असतो. टाकीवरच्या तबकडीचा काटा टक्के दाखवतो. तो ३० च्या आसपास आला की वादळाच्या हंगामात थांबून राहू नये. एखादी भट्टी, म्हणजे घरभर गरम हवा खेळवणारी फर्नेस, २५ किलोवॅटची असून कडाक्याच्या थंडीत निम्मा वेळ पेटत असेल, तर दिवसाला साधारण २१ किग्रॅ., म्हणजे ४० लिटरच्या वर इंधन लागते. ३० टक्क्यांवरची टाकी या हिशेबाने १३-१४ दिवस पुरते. ऐकायला हे पुष्कळ वाटते, पण टँकर येण्याजोगा रस्ता मोकळा होईपर्यंत त्यातले किती दिवस गेलेले असतील ते आधी सांगता येत नाही. शिवाय दुसऱ्या बाजूने एक अडचण उभी राहते.

ती म्हणजे बाष्पीभवन. टाकीतला द्रव आपोआप उकळून वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता टाकीच्या पत्र्यातून, बाहेरच्या हवेकडून घेतो. २० °से.ला टाकीतला दाब वातावरणदाबाच्या आठपटींहून थोडा अधिक असतो. −२०°ला तो अडीचपटींच्या आत येतो आणि −४०°ला जेमतेम वातावरणाइतका उरतो. म्हणजे घराला वायू सर्वांत जास्त हवा असतो, नेमका तेव्हाच टाकीचा देण्याचा वेग मंदावतो. त्यातही उष्णता आत येते ती द्रवाने भिजलेल्या पत्र्यातून. अर्धी रिकामी टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा कमी वेगाने वायू देते ती याच कारणाने, आणि थंडीच्या तोंडावर टाकी भरून घेण्याचा सल्ला साठ्याइतकाच या वेगासाठीही असतो. भर उपशाच्या वेळी टाकीच्या अंगावर द्रवाच्या पातळीपर्यंत गोठलेल्या दवाचा पांढरा थर चढतो. ती गळतीची नव्हे, उपसा जास्त असल्याची खूण आहे. लहान सिलिंडर तर इतका गार पडतो, की आत अर्धे इंधन असूनही ज्योत मिणमिणू लागते. अशा वेळी एकाऐवजी दोन सिलिंडर जोडून उपसा वाटून द्यावा. सिलिंडरला ज्योतीने शेकणे हा घातक उद्योग आहे आणि घरात आणून ठेवणे त्याहून फारसे बरे नाही.

टाकीतला बदलता दाब घरातल्या उपकरणांना सोसणारा नसतो. रेग्युलेटर तो बहुधा दोन टप्प्यांत उतरवतो; शेवटी सुमारे २८ सेंमी. पाण्याच्या स्तंभाइतका अगदी हलका दाब उरतो. वायूत पाण्याचा अंश राहिला असेल तर रेग्युलेटरच्या बारीक तोंडाशी तो गोठतो आणि टाकी भरलेली असताना घर थंड पडते. त्यावर उपाय म्हणून पुरवठादार टाकीत थोडा मेथॅनॉल सोडतात.

वीज गेल्यावर

पुष्कळ घरमालकांना पहिल्या मोठ्या वादळात कळते, की आपली प्रोपेनची भट्टी विजेवाचून बंदच राहते. जाळायला वायू आहे, पण ठिणगी पाडणारे मंडल, धूर ओढणारा पंखा आणि गरम हवा ढकलणारा पंखा या तिन्हींना वीज लागते. गरम पाणी नळ्यांतून फिरवणाऱ्या बॉयलरचीही तीच गत, कारण त्याचा पंप विजेवर चालतो.

याला अपवाद आहेत ते भिंतीतले जुन्या धाटणीचे हीटर आणि काही वायुशेगड्या. त्यांत एक लहानशी पायलट ज्योत सतत तेवत असते. ज्योतीत धरलेल्या दोन धातूंच्या सांध्यांमुळे काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्यावर वायूचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत विझली की वीज थांबते आणि व्हॉल्व्ह आपसूक मिटतो. बाहेरच्या विजेची गरजच नसलेली ही रचना साधी, थोडी इंधनखाऊ, पण वादळाच्या रात्री भरवशाची असते. नवे घर बांधताना मुख्य भट्टीच्या जोडीला असा एखादा हीटर बाहेर तोंड असलेल्या नळीसह बसवून घेणे महागड्या जनरेटरपेक्षा पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

जनरेटर प्रोपेनवरही चालतात. प्रोपेन पेट्रोलसारखा साठवणीत खराब होत नाही, हा त्यांचा मोठा फायदा. जनरेटर घराबाहेर, दारेखिडक्यांपासून किमान ६ मी. दूर आणि धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला ठेवून चालवतात. दार उघडे असलेले गॅरेज म्हणजे ‘बाहेर’ नव्हे.

कार्बन मोनॉक्साइड

प्रोपेन म्हटले की लोकांना स्फोटाची भीती वाटते, पण वादळात घात करणारा वायू बहुतेक वेळा वेगळाच असतो. पुरेशी हवा मिळाली तर प्रोपेन जळून कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हीमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही त्याची लक्षणे तापासारखीच वाटतात. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी त्रास होत असेल आणि बाहेर गेल्यावर बरे वाटत असेल, तर संशय पक्का समजावा. झोपेत असलेल्या माणसाला हा इशाराही मिळत नाही. म्हणून बॅटरीवर चालणारा डिटेक्टर झोपायच्या खोल्यांजवळ असावा लागतो.

जानेवारी १९९८ मध्ये कॅनडातील क्वेबेक व लगतच्या भागांत गोठत्या पावसाने विजेचे मनोरे जमीनदोस्त केले आणि लाखो लोक अंधारात राहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये ४५ लाखांहून अधिक घरे-दुकाने विजेविना गारठली. राज्याच्या आरोग्य खात्याने २४६ मृत्यू नोंदवले, त्यांतले बहुसंख्य शरीराचे तापमान घसरल्यामुळे झाले. दोन्ही ठिकाणी कार्बन मोनॉक्साइडनेही बळी घेतले. उबेसाठी घरात पेटवलेली बाहेरची शेगडी, गॅरेजमध्ये चालू ठेवलेली मोटार, खिडकीखालचा जनरेटर ही अशा विषबाधेची नेहमीची कारणे.

घरात वापरण्यासाठी म्हणून बनवलेल्या बिनधुराड्याच्या हीटरमध्ये ऑक्सिजन कमी झाल्यास ज्योत बंद करणारी सोय असते. खोलीतला ऑक्सिजन नेहमीच्या २१ वरून सुमारे १८ टक्क्यांवर आला की हीटर विझतो. हीटर पेटलेला असताना खिडकी बोटभर उघडी ठेवायची असते. १ किग्रॅ. प्रोपेन जळताना सुमारे १.६ किग्रॅ. पाणी हवेत येते, म्हणून असा हीटर असलेल्या खोलीच्या काचा आतून ओघळू लागतात आणि थंड भिंतीवर बुरशी धरते. स्वयंपाकाची शेगडी खोली तापवण्यासाठी नसते आणि छावणीतला, उघड्यावरचा हीटर घरासाठी नसतो. दिसायला तो घरगुती हीटरसारखा असला तरी ऑक्सिजन घटल्यावर विझण्याची सोय त्यात असेलच असे नाही.

बर्फाचा भार व गळती

बर्फ दोन ठिकाणी उपद्रव करतो. भट्टीच्या धुराची नळी भिंतीतून कमी उंचीवर बाहेर काढलेली असेल, तर साचलेल्या बर्फात तिचे तोंड बुजते आणि धूर परत घरात येतो. दर काही तासांनी बाहेर जाऊन ते मोकळे करणे, हे वादळातले कंटाळवाणे पण अत्यावश्यक काम आहे. दुसरे ठिकाण टाकीजवळचे. छपरावरून घसरून पडणारा बर्फ रेग्युलेटर किंवा घरात शिरणारी नळी मोडतो. गळलेला वायू वर न जाता बर्फाखालून सरपटत भिंतीच्या पायथ्याशी, जमिनीखालच्या पोकळीत शिरतो आणि वासही बर्फात दबून राहतो. म्हणून अतिहिमवृष्टीच्या भागात टाकीशेजारी उंच काठी रोवून ठेवतात, बर्फात बुडालेली टाकी सापडावी आणि तिच्यावरून यंत्र जाऊ नये यासाठी. व्हॉल्व्हभोवतीचा बर्फ फावड्याने न काढता झाडूने झटकावा. रेग्युलेटरला श्वास घेण्यासाठी खाली तोंड असलेले बारीक, जाळीचे छिद्र असते. ते गोठले तर दाब भलताच वाढू किंवा घटू शकतो, तेव्हा त्यावरची टोपी जागेवर असू द्यावी.

घरात वायूचा वास आला तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद, काहीच करू नये. सर्वांनी बाहेर पडावे, जाताना वाटेत असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद करावा आणि फोन दूर गेल्यावरच करावा. वायू जड असल्याने त्याचा डिटेक्टर जमिनीलगत बसवतात.

साठ्याची तंगी

इंधन दारात असले तरी ते भरणारी साखळी लांबची असते. २०१३ च्या शरदात अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत मक्याचे भरघोस पीक ओले निघाले आणि ते वाळवण्यातच बराच प्रोपेन खर्ची पडला. पाठोपाठ कडाक्याची थंडी आली. जानेवारी २०१४ मध्ये कॅन्ससमधील कॉनवे या साठवण-केंद्रावरचे भाव झपाट्याने चढले, अनेक राज्यांत टंचाई झाली. उन्हाळ्यात, मागणी कमी असताना टाकी भरून ठेवणारे ग्राहक अशा हिवाळ्यात बरेच सुटतात.

टाकी पूर्ण रिकामी झाल्यास नुसती भरून भागत नाही. वायू संपल्यावर पायलट ज्योती विझलेल्या असतात, एखाद्या उपकरणाचा व्हॉल्व्ह उघडाच राहिलेला असू शकतो. त्यामुळे पुन्हा पुरवठा सुरू करण्यापूर्वी तंत्रज्ञ नळ्यांची दाब-चाचणी घेऊन गळती नसल्याची खात्री करतो आणि मगच एकेक उपकरण पेटवतो.