रग्बी लीगचा खेळाडू आणि नोकरी

‘रग्बी लीग पैशांसाठीच जन्मली, त्यामुळे तिथला खेळाडू पहिल्या दिवसापासून फक्त खेळावर जगतो’, असं वर्षानुवर्षं फिरत असतं. समज पटण्यासारखा आहे, कारण 1895 मध्ये इंग्लंडच्या रग्बीत फूट पडून रग्बी लीग हा वेगळा प्रकार निघाला, ती फूट खरोखर पैशांवरूनच पडली.

पण पैसे कशाचे? उत्तर इंग्लंडचे खेळाडू खाणीत, गिरणीत राबायचे. शनिवारी सामना म्हणजे मजुरी बुडाली. हडर्सफील्ड शहरात जमलेल्या फुटीर क्लबांनी त्या बुडीत मजुरीची भरपाई ठरवली, दिवसाला 6 शिलिंग. पगार नव्हे. 1898 मध्ये मानधन खुलं झालं, तेव्हाही अट होतीच: खेळाडूला दुसरं काम हवं! (हा भाग फॉरवर्ड होणाऱ्या मेसेजमध्ये कधीच येत नाही.)

पुढेही कित्येक दशकं कारकिर्दीची सुरुवात अशीच. दिवसा पाळी, संध्याकाळी सराव. इंग्लंडची अव्वल स्पर्धा पूर्णवेळ झाली ती 1990 च्या दशकात. खालच्या श्रेणीत आजही अनेकजण नोकरी सांभाळून खेळतात.

पडताळायचंय? 1911 च्या ब्रिटिश जनगणनेत एखाद्या जुन्या खेळाडूची नोंद काढा आणि व्यवसायाचा रकाना वाचा. आजच्यासाठी खालच्या श्रेणीतल्या क्लबांच्या सरावाच्या वेळा बघा.