जुन्या प्रेशर टाकीतली हवा

अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरच्या बोअरवेलचं पाणी पितात. तिथे आपल्यासारखी गच्चीवर टाकी नसते, बहुधा तळघरात प्रेशर टाकी असते. गावाबाहेर जुनं घर घेतलं, तर ती कधीकधी जस्ताचा मुलामा दिलेली साधी लोखंडी टाकी निघते. अशी टाकी सांभाळायची म्हणजे मुख्यतः तिच्यातली हवा सांभाळायची.

पाणी दाबून आकसत नाही, हवा आकसते. पंप पाणी भरतो तशी वरची हवा दबत जाते आणि नळ उघडला की तीच पाण्याला बाहेर ढकलते. समजा, दाब २० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) उतरला की पंप सुरू होतो आणि ४० वर बंद. १६० लिटरच्या रिकाम्या टाकीत साधी हवा असेल, तर बॉइलच्या नियमाने (दाब वाढेल त्या प्रमाणात हवेचं आकारमान घटतं) ती २० ला साधारण ६८ लिटर उरते, ४० ला ४३. म्हणजे एवढ्या थोरल्या टाकीतून पंप न लावता मिळणारं पाणी जेमतेम २५ लिटर!

तेही टिकत नाही. जुन्या टाकीत हवा-पाण्यामध्ये पडदा नसतो. दाबाखाली हवा पाण्यात जास्त विरघळते आणि नळावाटे निघून जाते. काही टाक्यांना हवा भरून काढणारा व्हॉल्व्ह असतो, तोही गंजून अडकतो. मग नळ उघडताच पंप सुरू, लगेच बंद, पुन्हा सुरू. चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. असं वारंवार झालं की वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारेचं वेटोळं, तापून जळतं आणि पंप बोअरमधून उपसून काढावा लागतो. ते टाळता येतं, म्हणून एवढ्या कळकळीने सांगतोय.

टाकीवर बोटाने टिचकी मारत खाली या. हवा आहे तिथे पोकळ आवाज येतो, पाणी लागलं की बद्द. दमट उन्हाळ्यात पाण्याच्या पातळीपर्यंत बाहेरून घामही सुटतो. पातळी अगदी माथ्याला भिडली असेल, तर पंपाची वीज बंद करा, घराकडचा व्हॉल्व्ह बंद करा आणि तळाचा नळ सोडा. वरचं बूच मात्र दाब शून्यावर आल्याशिवाय उघडू नका. ते उघडलं की हवा आत शिरते आणि पाणी पूर्ण उतरतं. मग तळाचा नळ आणि बूच बंद करून पंप लावा आणि घराकडचा व्हॉल्व्ह पुन्हा उघडा.

पत्रा गंजून पातळ झाला असेल, तर कॉम्प्रेसरने हवा भरायच्या फंदात पडू नका. दबलेली हवा फार ऊर्जा धरून असते, टाकी फुटू शकते. तेव्हा हवा-पाणी वेगळं ठेवणाऱ्या रबरी पिशवीची नवी टाकी बसवणंच बरं. तिच्यात हवा भरताना टाकी रिकामी हवी आणि दाब पंप सुरू होण्याच्या दाबापेक्षा २ पीएसआय कमी.