शेतीचे व्हिडिओ गेम

शेतीचे व्हिडिओ गेम : पडद्यावर नांगरणी, पेरणी, पाणी, काढणी आणि विक्री करायला लावणारे संगणकीय खेळ. बोलताना ‘फार्मिंग गेम’ किंवा ‘तो शेतीवाला गेम’ एवढेच म्हटले जाते. यांत मारामारी नसते किंवा नावापुरती असते, घाई बेताची असते आणि हरणे जवळपास नसतेच. खेळणाऱ्याला जमिनीचा तुकडा मिळतो, तो बी टाकतो आणि पीक यायची वाट पाहतो. एवढ्यात मन रमण्यासारखे काय आहे, हा प्रश्न कुणालाही पडेल. नाशिकमध्ये तो जरा जास्तच पडतो, कारण मखमलाबाद किंवा आडगावकडच्या गॅलरीत उभे राहून मोबाइलवर द्राक्षे लावणाऱ्याला समोर खरी बाग दिसत असते. गेमची यादी देण्यापेक्षा या ओढीचा उलगडा करणे हाच या नोंदीचा हेतू आहे.

मराठी घराला ही कल्पना परकी नाही. भातुकलीतला भात खोटा-खोटा असतो, तरी तो वाढणारी आणि जेवणारे दोघेही गंभीर असतात. पोळ्याला मातीचे बैल पाटावर मांडून पोरे अंगणात त्यांच्याकडून खोटी मशागत करून घेतात. शेतीचा गेम हा त्याच जातीचा खेळ आहे. फरक एवढाच, की ही भातुकली वय वाढले म्हणून कुणी हातातून काढून घेत नाही.

इतिहास : १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मॅक्सिस कंपनीचा ‘सिमफार्म’ आला. त्यात हिशेब जास्त आणि जिव्हाळा कमी होता. या प्रकाराला आजचे रूप दिले ते जपानी ‘बोकुजो मोनोगातारी’ने. १९९६ मध्ये आलेला हा खेळ बाहेर ‘हार्वेस्ट मून’ या नावाने गाजला. त्याचे कर्ते यासुहिरो वादा हे गावाकडून टोकियोत आलेले गृहस्थ, आणि गाव सुटल्यावर गावाची जी किंमत कळते ती त्यांनी खेळात उतरवली. पिकांबरोबर गाय, कोंबड्या, शेजारी, गावची जत्रा आणि लग्न हे सगळे तिथून पुढे या प्रकारात कायमचे आले.

चीनमध्ये २००८ मध्ये ‘हॅपी फार्म’ने शेजाऱ्याच्या वाफ्यातली भाजी चोरायची सोय करून दिली आणि लोक वेडे झाले. पुढच्याच वर्षी, जून २००९ मध्ये, झिंगा कंपनीचा ‘फार्मव्हिल’ फेसबुकवर आला. २०१० मध्ये महिन्याला ८ कोटींहून अधिक लोक तो खेळत होते. आपल्याकडेही कॉलेजातली मुले, बँकेतले कर्मचारी आणि अमेरिकेतल्या मुलाशी बोलता यावे म्हणून फेसबुक शिकलेल्या आया एकमेकांना खत आणि वासरे पाठवत होत्या. फ्लॅश हे तंत्र बंद झाले तसा मूळ ‘फार्मव्हिल’ही ३१ डिसेंबर २०२० रोजी मिटला. मोबाइलवर त्याची जागा फिनलंडच्या सुपरसेल कंपनीच्या ‘हे डे’ने २०१२ पासूनच घेतली होती.

‘फार्मिंग सिम्युलेटर’ ही स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरची मालिका २००८ मध्ये सुरू झाली. तिच्यात खऱ्या कंपन्यांचे ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर असतात. २०१९ पासून तिच्या संघांच्या स्पर्धाही होतात, ज्यांत पेंढ्याचे गठ्ठे रचायची चुरस लागते. २०१६ च्या फेब्रुवारीत आलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ मात्र एकाच माणसाचे काम आहे. एरिक बरोन यांनी चित्रे, संगीत, संवाद आणि संगणकाची आज्ञावली असे सगळे एकट्याने सुमारे साडेचार वर्षे खपून केले. डिसेंबर २०२४ पर्यंत त्याच्या ४ कोटी १० लाख प्रती खपल्या होत्या.

पहिली सकाळ : ‘स्टारड्यू व्हॅली’ची सुरुवात पाहिली तर या खेळांची किल्ली हाती लागते. नायक एका मोठ्या कंपनीत, ओळीने मांडलेल्या टेबलांपैकी एकावर, पडद्याकडे बघत बसलेला असतो. खणातून तो आजोबांचे पत्र काढतो. आजोबांनी शेत त्याच्या नावे केलेले असते. दुसऱ्या दिवशी तो त्या रानात उभा असतो : सगळीकडे तण, दगड आणि पडलेले ओंडके. भेट म्हणून पार्सनिपच्या १५ बिया मिळतात. पार्सनिप म्हणजे गाजराच्या कुळातला पांढरा कंद. कुदळीने एकेक चौकोन उकरायचा, बी टाकायचे, झारीने पाणी घालायचे. पाणी पडले की माती गडद होते. एवढेच घडते, पण पंधरा चौकोन ओळीने गडद झालेले पाहिले की जे वाटते ते सारवलेले अंगण पाहून वाटते तसे असते. चार दिवसांनी पीक तयार. दुकानात खेळातल्या २० नाण्यांना मिळणाऱ्या बीचे पीक ३५ ला जाते.

खेळातला एक पूर्ण दिवस खऱ्या घड्याळात साधारण १४ मिनिटांचा. महिना २८ दिवसांचा, एका ऋतूचा एक महिना. दिवस संपवून झोपले की खेळ पक्का जतन होतो. साताऱ्याची बस यायला वेळ आहे म्हणून नाशिकच्या ठक्कर बाजार स्टँडवर उघडलेला गेम ‘हा एवढा दिवस संपवतो’ म्हणत बसमध्येही चालू राहतो, त्याचे एक कारण हे. दिवस संपला की नवीन सकाळ होते, कोंबडा आरवतो, आणि काल लावलेले थोडे वर आलेले असते. मग ते न बघता बंद कोण करणार?

विसावा कशात आहे : हिरवा रंग, मंद संगीत, पाखरांचे आवाज ही कारणे नेहमी दिली जातात. ती खोटी नाहीत, पण वरवरची आहेत. खरे कारण असे, की या शेतात केलेले काम वाया जात नाही. पाणी घातले तर पीक येते. आलेले पीक विकले जाते. ‘स्टारड्यू व्हॅली’त पार्सनिपचा भाव वसंताच्या पहिल्या दिवशी जो असतो तोच दहाव्या वर्षीही असतो. कितीही माल आणा, भाव पडत नाही. पेटीत टाका, सकाळी पैसे जमा.

याचा अर्थ लासलगावच्या आवारात उभे राहून जास्त नीट कळतो. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारला जातो, तेव्हा ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला त्या सकाळचा भाव ठाऊक नसतो. चाळीत चार महिने सांभाळलेला उन्हाळ कांदा किती सडला, किती वजनात घटला, हे उपसल्यावर कळते. त्यातून डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी घातली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. अशा वेळी उत्पादन किती चांगले काढले याला काही अर्थ उरत नाही. मेहनत आणि मोबदला यांच्यातली जी दोरी खऱ्या शेतीत वारंवार तुटते, ती गेममध्ये पक्की बांधलेली आहे. म्हणून नोकरदारालाही ती हवीशी वाटते. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळी करणाऱ्याच्या किंवा कॉलेज रोडवर क्लासला जाणाऱ्या मुलाच्या आयुष्यात तरी ती दोरी कुठे एवढी घट्ट असते?

द्राक्षाचे उदाहरण घेऊ. ‘स्टारड्यू व्हॅली’त द्राक्ष हे शरदातले पीक आहे. मांडवावर चढते, १० दिवसांत धरते आणि मग दर ३ दिवसांनी तोडता येते. पिंपात टाकले तर आठवडाभरात तिप्पट किमतीची वाइन होते. नाशिकच्या बागेत एप्रिलला खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, आणि पुढचे चार महिने जवळपास रोज एक काम : फेलफुटी (जादा कोंब) काढणे, शेंडा मारणे, घडांची विरळणी, जिबरेलिक या मणी फुगवणाऱ्या संप्रेरकाच्या द्रावणात घड बुडवणे, ज्याला सगळे ‘डिपिंग’ म्हणतात. रात्री दव पडले की डाउनीची धास्ती, ढग आले की भुरीची; दोन्ही वेलीवरचे बुरशीचे रोग. निफाडचा पारा खाली गेला की बागेत शेकोट्या पेटतात.

सगळ्यात मोठा फरक पावसाचा. गेममध्ये पाऊस आला की बहुधा आनंदच, त्या दिवशी झारी उचलावी लागत नाही. फेब्रुवारीत साखर भरलेल्या बागेवर पाऊस आला तर मणी तडकतात आणि वर्षाचा हिशेब तिथेच संपतो. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर निफाड आणि आसपासच्या तालुक्यांत गारपीट झाली तेव्हा काय झाले ते जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. ‘फार्मिंग सिम्युलेटर’च्या २०२४ च्या आवृत्तीत गारपीट आणि वावटळ आणली आहे, नुकसानीसकट. मात्र सेटिंगमध्ये जाऊन ते नुकसान बंद करता येते. या एका बटणात त्या खेळांचे सगळे मर्म आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा खोटेपणा आहे का? बागाईतदार घरातले वडीलधारे तसे म्हणतात, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. शेती म्हणजे बटण दाबले की पीक, असा समज शहरी पोराचा झाला तर ते वाईटच. पण बुद्धिबळ खेळणारा स्वतःला सेनापती समजत नाही. शिवाय अशा घरांतली मुलेही हे खेळ खेळतात, आणि त्यांना फरक कुणी शिकवावा लागत नाही. रात्रीची थ्री-फेज लाइट आली म्हणून मोटर चालू करायला विजेरी घेऊन गेलेला मुलगा परत येऊन अंथरुणात ‘हे डे’ उघडतो. त्याला शेती ठाऊक नाही म्हणून तो खेळत नाही. ज्या शेतात दोन मिनिटांत गहू येतो आणि कर्ज काढावे लागत नाही, तिथे त्याला घटकाभर जायचे असते.

वय आणि खेळणारे : लहान मुलांना यात जनावरे आवडतात, नावे ठेवायची, अंडी गोळा करायची. थांबण्याची सवय लागते हा एक लाभ सांगतात, तो खेळावर अवलंबून आहे. बारा ते अठरा या वयातली मुले, त्यातही ट्रॅक्टरवेडी, ‘फार्मिंग सिम्युलेटर’कडे वळतात. तिथे हौशी मंडळींनी बनवलेले भारतीय ट्रॅक्टर जोडता येतात. २०२१ च्या आवृत्तीत द्राक्षे आली, पण काढणी वेलींवरून चालणाऱ्या अवजड यंत्राने. तसे यंत्र वाइनच्या द्राक्षाला चालते. खायचे द्राक्ष त्यात टिकायचे नाही. नाशिकची निर्यातीची द्राक्षे अजूनही कात्रीने, देठ धरून, मण्यावरचा पांढुरका थर न पुसता क्रेटमध्ये ठेवली जातात, आणि ते काम करणाऱ्या टोळ्यांतले पुष्कळ लोक पेठ-सुरगाण्याकडून येतात. माणसाच्या हाताचे हे कसब गेममध्ये कुठे नाही.

ज्येष्ठांची गोष्ट वेगळी. जमीन वाटणीत किंवा प्लॉटिंगमध्ये गेलेली, राहणे तिसऱ्या मजल्यावर, हातांना सवय मात्र पहाटेची. पंचवटीतल्या एका घरी पाहिलेला प्रकार : नातीच्या टॅबवर आजी पार्सनिपला ‘मुळा’ म्हणत होत्या आणि दोन ओळींत अंतर सोडायला लावत होत्या. ‘आजी, इथे अंतर नाही लागत गं,’ नात सांगत होती. ‘न लागू दे. निंदायला बाई कुठून जाईल?’ शेवटी अंतर सोडले गेले. ‘स्टारड्यू व्हॅली’ अधिकृतपणे बारा भाषांत आहे, त्यांत एकही भारतीय भाषा नाही, त्यामुळे नात वाचून दाखवते आणि आजी निर्णय घेतात, अशी विभागणी त्या घरात झाली होती.

अभ्यास आणि आक्षेप : मार्च २०२० मध्ये, जनता कर्फ्यूच्या दोनच दिवस आधी, निन्टेंडोचा ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ आला. तो शेतीपेक्षा बेट सजवण्याचा खेळ, पण याच गोत्रातला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्याच्या आणि आणखी एका खेळाच्या तीन हजारांहून अधिक खेळाडूंचा अभ्यास केला. खेळण्याचे तास त्यांनी खेळाडूंना न विचारता कंपन्यांच्या नोंदींवरून घेतले. जास्त खेळणाऱ्यांनी स्वतःची मनःस्थिती किंचित बरी सांगितली. खेळामुळे बरे वाटते की बरे वाटणारे जास्त खेळतात, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यामुळे गेमला औषध म्हणणे घाईचे.

उलट बाजूही आहे. ‘फार्मव्हिल’मध्ये पीक वेळेवर काढले नाही तर ते वाळून जायचे. चार तासांत येणाऱ्या स्ट्रॉबेरीसाठी लोक गजर लावून उठत. त्याला विसावा म्हणणे अवघड आहे. ‘हे डे’त पीक वाळत नाही, पण वाट पाहायची नसेल तर हिरे मोजायचे, आणि हिरे संपले की खरे पैसे. मुलाच्या हातात फोन देताना यूपीआयचा पिन त्याला ठाऊक नसलेला बरा. जे खेळ एकदाच पैसे घेऊन मोकळे होतात ते या बाबतीत सरळ. फुकट मिळणारे शेत बहुधा पुढे महाग पडते.

‘हे डे’त रस्त्याच्या कडेला एक लाकडी स्टॉल असतो. माल मांडायचा, भाव लिहायचा, गिऱ्हाईक येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबई-आग्रा महामार्गावर ओझर-पिंपळगावच्या दरम्यान असेच स्टॉल लागतात. हिरव्या द्राक्षांच्या पेट्या, बाजूला काळी जंबो आणि वर ओले फडके. तिथे मात्र गिऱ्हाईक आधी दोन मणी तोंडात टाकते आणि मग भाव करते.