चाकं विकत घेण्याआधी फ्रेम दाखवा
ट्रॅकची फ्रेम रस्त्यावर चालवू इच्छिणाऱ्या ग्राहकांसाठी

विजापूर, बागलकोट, जमखंडी या पट्ट्यात ट्रॅकवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या गोल धावपट्टीवर, खेळणारी मुलं वर्षानुवर्षं तयार होत आली आहेत. त्यांच्या बिनगिअरच्या सायकलींच्या जुन्या फ्रेम हातोहाती फिरत बेळगाव, खानापूर, निपाणीपर्यंत येतात. कुणी पुण्याहून आणतं, कुणी ऑनलाइन मागवतं. फ्रेम हलकी असते, देखणी असते आणि त्याच वजनाच्या रोड फ्रेमपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडते. ती घेऊ नका असं आम्ही कधीच म्हणत नाही. अशा फ्रेमवर आम्ही सायकली बांधून दिल्यात आणि लोक त्या रोज कामावर नेतात.

अडचण दुसरीकडे आहे. फ्रेम हातात आली की माणूस आधी कुठून तरी गिअरची जुनी चाकं घेतो, मग दोन्ही घेऊन दुकानात येतो आणि म्हणतो, "चाक बसंना झालंय, मागनं जरा फाकवून द्या की." चाकांचे पैसे गेलेले असतात, ती परत घेणारं कुणी नसतं, आणि आम्हाला नाही म्हणावं लागतं. हे इतक्यांदा घडतं की शेवटी लिहूनच काढलं.

आधी पट्टी लावा

मागच्या चाकाचा एक्सल (मधला दांडा) ज्या दोन खाचांत बसतो, त्यांच्यामधलं आतलं अंतर मोजा. ट्रॅकच्या फ्रेममध्ये ते 120 मिलिमीटर असतं. जुन्या सहा-सात गिअरच्या रोड सायकलीत 126, आणि त्यानंतरच्या आठ ते अकरा गिअरच्या, रिम ब्रेकवाल्या सायकलीत 130. डिस्क ब्रेक असेल तर 135 किंवा 142. म्हणजे तुम्ही आणलेलं चाक त्या जागेपेक्षा बहुतेक वेळा पूर्ण एक सेंटिमीटर रुंद असतं. स्टीलची फ्रेम हातानं ताणली तर ते बसतंसुद्धा, आणि तिथंच माणूस फसतो.

फ्रेम ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची असेल तर ताणायचा विषयच काढू नका. ॲल्युमिनियमला नव्या मापात वाकवून ठेवता येत नाही. वेल्डच्या कडेला बारीक चीर जाते, रंगाखाली ती दिसत नाही, आणि मग एखाद्या हंपवर फ्रेम तिथंच सुटते. कार्बनचे थर तर एकमेकांपासून उकलतात.

स्टील वाकतं, हे खरं. पण दोन्ही बाजू पाच-पाच मिलिमीटर सारख्याच सरकाव्या लागतात. एक बाजू जास्त गेली की मागचं चाक पुढच्याच्या रेषेत राहत नाही आणि सायकल सतत एकीकडे ओढते. शिवाय बाजू फाकल्या की खाचांची तोंडं समांतर राहत नाहीत. तीही सरळ करावी लागतात, नाहीतर नट आवळताना एक्सल तिरका दाबला जातो आणि पुढं वाकतो किंवा मोडतो. उद्यमबागेत जॅक, प्रेस सगळं मिळतं, फाकवून देणारेही भेटतील. ताकद लावणं सोपं आहे, माप धरणं अवघड आहे.

समजा तेही नीट जमलं. मग डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, कुठं लावणार? ट्रॅकच्या फ्रेमला डिरेलर अडकवायचा हँगर नसतो. एक्सलवर अडकवायचा पत्र्याचा हँगर मिळतो, पण तो ज्या फ्रेमच्या खाचा पुढच्या बाजूला उघडतात त्यांच्यासाठी. ट्रॅकच्या खाचा मागं उघडतात. चाक मागं ओढूनच काढायचं असतं आणि नेमका त्याच वाटेत डिरेलर लोंबत राहतो. जांबोटीच्या पुढं पावसात पंक्चर झालं, तर चाक काढण्याआधी डिरेलर सोडवत बसावं लागेल. केबलसाठी फ्रेमवर जागा नाही, गिअरच्या लिव्हरसाठीही नाही. एवढा खर्च करून जी सायकल हाती येते ती ना ट्रॅकची राहते ना रोडची होते.

म्हणून आम्ही फ्रेम फाकवून देत नाही. काम टाळतोय असं काहींना वाटतं. पण त्या कामाचे पैसे एकदाच मिळतात आणि त्या सायकलीची जबाबदारी कायमची आमच्यावर येते.

गिअर हवेच असतील तर दोन रस्ते आहेत. एक, जुनी पण सरळ रोड फ्रेम. ती आम्ही बघून देतो आणि तुमची ट्रॅकची फ्रेम चांगली असेल तर बदल्यात ठेवूनही घेतो. दुसरा, आतच तीन गिअर असलेला हब (चाकाचा मधला भाग). स्टर्मी-आर्चरचा असा हब 120 च्या मापात मिळतो. तो मागवावा लागतो आणि महाग पडतो, पण फ्रेमला धक्का लागत नाही.

चिमट्यात भोक आहे का?

ट्रॅकच्या शर्यतीत ब्रेक लावायला परवानगीच नसते. सगळे एकमेकांच्या चाकाला चिकटून जात असतात. एकानं अचानक वेग तोडला तर मागचे सगळे पडतील. दिल्लीत 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी इंदिरा गांधी स्टेडियमच्या आवारात बांधलेला ट्रॅक 250 मीटरचा आणि लाकडी आहे. तिथं समोरून कुणी येत नाही, आडवं कुणी जात नाही. गणपत गल्लीत दोन्ही होतं.

चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) डोक्यावर, टायरच्या अगदी वर, पुढून मागं आरपार भोक असेल तर ब्रेक बसतो. नसेल तर ते पाडून देण्याचा आग्रह कृपया धरू नका. ब्रेक दाबल्यावर सगळा भार त्याच जागी येतो आणि तिथलं मटेरियल भोकाचा विचार करून ठेवलेलं नसतं. कार्बनच्या चिमट्यात तर ड्रिल लावणं म्हणजे तो टाकून देणं. ट्रॅकचा चिमटा बाजूला ठेवा आणि भोक असलेला रोडचा चिमटा बसवा. हे काम आम्ही आनंदानं करतो, दोन-तीन मापांचे चिमटे दुकानात ठेवलेले असतात. चिमट्याची वरची नळी जुन्या फ्रेममध्ये बहुधा 25.4 मिलिमीटरची, आट्यांची असते. नव्यांत 28.6 ची, बिनआट्यांची. म्हणून फ्रेम दाखवताना जुना चिमटाही सोबत आणा.

चिमटा बदलल्यानं एक फायदाही होतो. ट्रॅकच्या फ्रेमचं पुढचं चाक पायाच्या फार जवळ असतं, हळू वळताना बुटाचं टोक चाकाला लागतं. वेगात असताना हे जाणवतही नाही. खडेबाजारच्या गर्दीत मात्र पडायला होतं. रोडचा चिमटा चाक काही मिलिमीटर पुढं नेतो. तो थोडा लांबही असतो. साधारण 20 मिलिमीटरला पुढचा कोन एक अंशानं पडतो, त्यामुळं हँडलचा उतावळेपणा कमी होतो. शर्यतवाल्याला हे आवडणार नाही. रोज टिळकवाडी ते कॅम्प जाणाऱ्याला आवडतं.

मागच्या ब्रेकचंही बघा. मागच्या चाकावरच्या दोन नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीत भोक असेल तर दोन्ही ब्रेक बसतील आणि फ्रीव्हील (पाय थांबवले तरी चाक फिरू देणारं चक्र) लावता येईल. नसेल तर आम्ही त्या फ्रेमला फ्रीव्हील लावत नाही. तिथं फिक्स दातेरी चक्र (चाकासोबत पायडलही फिरवत राहणारं) ठेवायचं, म्हणजे मागचं चाक पायांनी आवरता येतं, आणि पुढं चांगला ब्रेक. पुढचा ब्रेक नसलेली सायकल आमच्या दुकानातून बाहेर जात नाही. पायानं उलटा जोर देऊन थांबतो म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होऊन घसरतं. पावसाळ्यात आमच्याकडच्या लाल चिखलावर तर लगेच.

फिक्स चक्रासाठी हबही त्याचाच हवा. त्यावर दोन पायऱ्यांचे आटे असतात: चक्राचे सरळ, आणि बाहेरच्या लॉक रिंगचे (चक्र सुटू न देणाऱ्या कडीचे) उलटे. फ्रीव्हीलच्या साध्या हबवरही फिक्स चक्र बसतं, कारण चक्राचे आटे त्याच मापाचे आहेत. पण लॉक रिंग लावायला जागा नसते. पायानं उलटा जोर दिला की चक्र सुटून येतं, नेमकं थांबायचं असतं तेव्हा. असा जोड कुणी करून दिला असेल तर त्या सायकलीवर बसू नका, आधी ती घेऊन या. आणि घरी लॉक रिंग आवळणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ती डावीकडे फिरवली की आवळते.

इथल्या रस्त्यांना कोणता गिअर

ट्रॅकवरून आलेल्या सायकलीत पुढं 50 आणि मागं 14 दाते असं काहीतरी असतं. पायडलच्या एका फेऱ्यात ती साडेसात मीटर जाते. सपाटीवर छान वाटतं. राजहंसगडाच्या चढावर ताशी 12 किलोमीटरनं जायचं तर मिनिटाला सत्तावीसच्या आसपास फेरे पडतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर उभं राहिल्यासारखा जोर. पुढं 42 आणि मागं 18 केले की एका फेऱ्यात 4.9 मीटर, आणि त्याच चढावर 41 फेरे. शहरात आणि सांब्रा, हिंडलगा, येळ्ळूर एवढ्या फिरण्याला हे पुरतं. सपाटीवर मिनिटाला 90 फेऱ्यांनी ताशी सव्वीस किलोमीटरच्या वर जाता येतं. चोर्ला घाट उतरायचा विचार असेल तर फ्रीव्हीलच घ्या. फिक्सवर ताशी 50 च्या वेगाला याच गिअरमध्ये पाय मिनिटाला 170 फेरे मारायला लागतील आणि ते थांबवता येत नाहीत.

18 दातांच्या फ्रीव्हीलची आम्ही शिफारस करतो त्याला आणखी एक कारण आहे. साध्या काळ्या सायकलीला हेच लागतं आणि तिची चेनही याच रुंदीची, एक अष्टमांश इंची. रस्त्यात काही झालं तर खानापूर काय, संकेश्वर काय, कुठल्याही सायकल दुकानात सुटा भाग मिळतो. गिअरच्या सायकलीची बारीक चेन मात्र या दात्यांवर बसत नाही. ती आधी घेऊन ठेवू नका.

बाकीचं थोडक्यात. टायर 23 किंवा फार तर 25 मिलिमीटरचा मावतो, मडगार्डला जागा नसते. म्हणून जून ते सप्टेंबर ही सायकल घरात ठेवणं बरं. फ्रेमवर बाटलीसाठी आटे नसतात, पट्ट्यानं बांधायचा पिंजरा आमच्याकडे आहे. क्रँक (पायडलचा दांडा) 165 मिलिमीटरचा असेल तर राहू द्या, वळताना पायडल जमिनीला लागत नाही. ट्रॅकच्या नावानं विकल्या जाणाऱ्या काही नव्या फ्रेम मुळात रस्त्यासाठीच बनवलेल्या असतात, त्यात ब्रेकची भोकं, बाटलीचे आटे, 28 च्या टायरची जागा सगळं असतं. तशी मिळाली तर निम्मा खर्च वाचतो.

दुकानात येताना

येण्याआधी तीन फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा: मागच्या खाचा पट्टी लावून, चिमट्याचं डोकं समोरून, आणि मागची आडवी पट्टी. त्यावरून काय बसेल, काय नाही आणि साधारण किती खर्च येईल ते आम्ही सांगतो. याचे पैसे घेत नाही. फ्रेम अजून घेतली नसेल तर विकणाऱ्याकडून हेच फोटो मागून आम्हाला पाठवा. 120 मापाची चाकं आम्ही इथंच तारा भरून, आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून बांधतो. एका बाजूला फ्रीव्हील आणि दुसऱ्या बाजूला फिक्स चक्र बसेल असा हबही त्यात मिळतो, चाक उलटं करून लावलं की झालं. तयार चाकापेक्षा थोडं महाग पडतं, पण पहिल्या वर्षातली आउट आम्ही फुकट काढून देतो.

नवीन चेन सुरुवातीला सैल पडते. साधारण शंभर किलोमीटर झाले की सायकल घेऊन या, चाक मागं ओढून ताण बरोबर करून देतो. घरी करायचं असेल तर पायडल हळू फिरवत चेन सगळ्यात घट्ट कुठं होते ते शोधा. त्या जागी मधोमध ती वर-खाली मिळून एक सेंटिमीटर हलली पाहिजे, मगच दोन्ही नट आळीपाळीनं आवळा. 15 नंबरचा पाना कायम सोबत ठेवा. आमच्याकडून सायकल बांधून घेणाऱ्याला तो आम्ही सोबत देतोच.

हेच पत्रक कन्नडमध्येही काउंटरवर ठेवलं आहे.